येळवशीची पाहुणी

"जवारी डोक्यावर गेली की लेकराच्या पायात घुंगरू पायजे बघ पोरी. आपली नजर बांधापतूर जाती, ताटांत शिरत न्हाय."

काशम्मामामी हे म्हणाल्या तेव्हा महानंदा सोलापुरातल्या आपल्या स्वयंपाकघरात दूध तिसऱ्यांदा उकळत होती. मामी म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, विरुपाक्षाच्या मामी. वळसंगहून बाजाराला आल्या होत्या आणि येळवशीचं आवतण देऊन जाणार होत्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजेच येळवशीला, त्या भागात घरात चूल पेटत नाही म्हटलं तरी चालेल. सगळं गाव शेतात जेवायला जातं. मामींनी ओच्यातून एक पितळी घुंगरू काढून ओट्यावर ठेवलं. शेळीच्या करडाच्या गळ्यातलं, काळ्या दोऱ्यात ओवलेलं.

महानंदा हसली. "मामी, आमची जगू काय करडू आहे? मी असते की तिच्यामागं चोवीस तास."

"असतीस की," मामी म्हणाल्या. "त्येच तर म्हनते मी."

यातलं शेवटचं वाक्य महानंदाच्या काही ध्यानात आलं नाही. घुंगरू तिनं चहाच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि ती विसरून गेली.

ती चोवीस तास मागं असायची हे मात्र खरंच होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. श्रावणात चार वर्षांच्या जगदेवीला विषमज्वर आला. एकवीस दिवसांनी उतरला, पण जाताना पोरीची भूक घेऊन गेला. ताप गेला, डोक्यावर नवे केस आले, पाय धावू लागले. भूक काही परतली नाही. समोर ताट आलं की जगू ओठ असे मिटायची की जणू आतून कडीच घातली. महानंदा सांगलीच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली. तिनं रीतसर एक वही घातली आणि पोरीच्या पोटात काय गेलं ते वेळेनिशी टिपायला लागली. ‘सकाळी सात: दूध, अर्धी वाटी (पैकी निम्मं झग्यावर). दुपारी बारा: भात, तीन चमचे. एक थुंकला.’ अशी पानांमागून पानं.

"हिला बाहेर काढा," डॉक्टर म्हणाले. "हवा बदलली की भूक लागेल. आणि बाई, महिना-दोन महिन्यांत अंगी लागलं नाही, तर मला काळजी वाटेल."

हे शेवटचं वाक्य महानंदानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. कशाला, ते तिचं तिलाच ठाऊक. विसरणार थोडीच होती!

मग सुरू झाल्या सहली. विरुपाक्ष सरकारी शाळेत मास्तर, त्यामुळे रविवार हक्काचा. दसऱ्यानंतर किल्ल्याच्या खंदकाकाठी गेले. तिथं जगूनं आपला लाडू खारीला दिला. दिवाळीनंतर सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले. तिथं पुरी माशांना गेली, आणि मासे कसे उड्या मारून खातात ते बघून पोरगी इतकी हसली की महानंदाला रडावं का हसावं कळेना. हिप्परग्याच्या तलावावर तर लांबून आलेली पांढरी पाखरं उतरली होती. जगूनं त्यांच्यासाठी अख्खा डबा काठावर उपडा केला. "सोलापुरातले एकूण एक प्राणी आपण पोसले," विरुपाक्ष म्हणाला, "आता फक्त आपली मुलगी राहिली."

"तुम्हाला थट्टा सुचते," महानंदा म्हणाली. पण हिवाळ्याचं ऊन मऊ होतं, पाण्यावरून वारा येत होता, आणि बऱ्याच दिवसांनी तीही थोडी हसली.

आणि मग येळवस आली.

सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं तिघं वळसंगला उतरली. मल्लप्पामामा बैलगाडी घेऊन उभेच होते. महानंदाचं सामान गाडीत चढताना ते बघत राहिले: उकळलेल्या पाण्याची सुरई, दोन शाली, थर्मामीटर, वही, पितळेचा स्टोव्ह, स्पिरिटची बाटली.

"मास्तर," मामा हळूच म्हणाले, "पांडवास्नी चा पाजायचाय का काय?"

"पाणी उकळायला आहे, मामा," महानंदा म्हणाली. "सुरईतलं संपलं तर."

"व्हय व्हय," मामा म्हणाले आणि बैलांकडं तोंड फिरवून हसले.

त्या दिवशी ती गाडीवाट म्हणजे जत्रा झाली होती. बायकांच्या डोक्यावर चुन्यानं रंगवलेली अंबिलीची मडकी, पाठीवर लेकरं, पुढं कुत्री. दोन्ही बाजूंना काळ्या रानात शाळू असा वाढलेला की गाडीत उभं राहिलं तरच पलीकडचं दिसावं. वाऱ्यानं कणसं हलत होती. प्रत्येक रानातून कानडी-मराठीची सरमिसळ हाळी उठत होती. "होलगेऽऽ होलगेऽऽ!" माणसं पिकावर अंबील शिंपडत बांधाबांधानं फिरत होती.

"आई, ते कुणाला हाका मारतात?" जगूनं विचारलं.

"जवारीला," मामा म्हणाले. "ये म्हन्त्यात, जेवायला ये."

मामांच्या शेतात कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून, शेंडे बांधून कोप केली होती. आत चुन्यानं माखलेले पाच दगड ओळीनं बसवले होते. हेच पांडव. त्यांना शाल पांघरली होती. मामींनी नैवेद्य दाखवला आणि पानं वाढली. बाजरीचे वाफवलेले उंडे, हरभऱ्याच्या पिठात शिजवलेली, पावटा-तूर-वांगी-मेथी सगळं एकत्र नांदणारी भज्जी, तिळाची पोळी, आणि मडक्यातली गार आंबट अंबील. महानंदानं अंबिलीचा वास घेतला. ताक, लसूण, ज्वारीचं पीठ, आणि न उकळलेलं विहिरीचं पाणी. "जगूला ही नको," ती म्हणाली.

"बरं," मामी म्हणाल्या. "मंग उंडा तरी खाईल का?"

आणि सगळे जगूच्या तोंडाकडं बघायला लागले. मामा बघत होते, मामी बघत होत्या, विरुपाक्ष वर्तमानपत्राच्या आडून बघत होता. महानंदा तर घास हातात धरून, श्वास रोखून बसली होती. जगूनं एकेकाकडं बघितलं आणि कडी घातली.

"राहू द्या," महानंदा म्हणाली. "मी दूध कोमट करते."

वाऱ्यानं स्टोव्ह पेटेना. तिनं शालीचा आडोसा केला, काडी लावली, विझली, दुसरी लावली, पंप मारला. एकवीस वेळा. मोजायची सवयच होती तिला. निळी ज्योत धरली तेव्हा तिनं वर बघितलं.

पान होतं. उंडा जसाच्या तसा होता. जगू नव्हती.

चारी बाजूंना ज्वारी. माणसाहून उंच, दाट, वाऱ्यानं सळसळणारी. आणि जिथं पाहावं तिथं हलणारी, त्यामुळं नेमकं कुठं काय हललं ते कळायला मार्ग नाही. महानंदाला चहाचा डबा आठवला. त्याचं झाकण, त्यावरचं हत्तीचं चित्र, आतलं घुंगरू.

"जगूऽऽ!" ती ओरडली.

"होलगेऽऽ!" पलीकडच्या रानातून उत्तर आलं.

"जगूऽऽऽ!"

"होलगेऽऽ होलगेऽऽ!" आता तीन बाजूंनी. लोकांना वाटलं, कुणी नवखी सून मनापासून अंबील शिंपडतेय.

मामा आणि विरुपाक्ष विहिरीकडं धावले. विहिरीला कठडा नव्हता. तेवढा वेळ महानंदा हलली नाही. दोन्ही मुठींत शालीची टोकं आवळून उभी राहिली. मग मामांची हाक आली, "हितं न्हायऽऽ! पानी निवळ हाय, तळ दिसतोय!" आणि तिचे पाय तिला परत मिळाले.

काशम्मामामींनी एक शब्दही ‘मी सांगितलं होतं’ असा काढला नाही. पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल. मी बांध धरते, तू माज्या मागनं."

पहिली कोप रंभाबाईची. मोठं खटलं, वीस-पंचवीस माणसं, तीन दगडांची चूल धडधडत होती.

"निळ्या झग्याची?" रंभाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आली की मगाशी! एक उंडा खाल्ला आन् दुसरा घिऊन गेली."

महानंदा जागच्या जागी थबकली. "खाल्ला? तिनं? अख्खा?"

"मंग काय अर्धा माज्यासाटी ठिवला?"

"म्हणजे, चावला? गिळला?"

रंभाबाईंनी हात थांबवून या शिकलेल्या बाईकडं नीट बघितलं. "न्हाय, कानात घातला! अवो बाई, लेकरू हाय, भुकेलं हुतं, खाल्लं. आमी कुटं बगत बसलोय? हितं चुलीवर भाकर जळती. बसा, अंबील घ्या."

"आत्ता नको, मुलगी..."

"येळवशीला कोपीत येऊन न खाता जात्यात व्हय कुनी?"

मामींनी पुढं होऊन दोघींच्या वाटणीचा घोट घेतला आणि तोंड पुसत विचारलं, "कुन्या अंगाला गेली?"

"खालतीकडं. आप्पांच्या रानात."

पुन्हा बांध, पुन्हा ज्वारी. पानं गालाला कापत होती. महानंदाच्या छातीत धडधडत होतं, आणि त्या धडधडीत आता आणखी काहीतरी मिसळलं होतं. त्याला काय म्हणावं हे तिला कळेना. पोरगी हरवली होती, आणि पोरगी जेवली होती. एका वेळी किती भ्यावं नि किती हरखावं?

दुसऱ्या कोपीत आप्पा नावाचे म्हातारे नातवंडांच्या पंक्तीत बसले होते. मराठीपेक्षा कानडी जास्त बोलणारे. त्यांनी दोन बोटं वर केली. "ऊटा माडितु, ऊटा! जेवली की. भज्जी दोन वाट्या."

"भज्जी? तिखट असेल!"

"तिकट लई. डोळ्यातनं पानी आलं तिच्या. म्हनलं, बास कर तंगी, बास कर पोरी. तर म्हनली, आनकी."

"आणखी म्हणाली?" महानंदाचा आवाज चिरकला. "‘आणखी’ हा शब्द? स्वतःहून?"

आप्पांनी काशम्मामामींना कानडीत विचारलं, ही बाई बरी आहे ना? महानंदाला कानडी घरचंच होतं, सगळं समजलं. तिला राग आला नाही. चार महिन्यांत तिनं तो शब्द ऐकला नव्हता.

"मग गेली कुठं?"

"त्ये काय मला ठावं न्हाय. पोरं खेळत हुती, त्यात हुती, मंग नव्हती." आप्पांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "पलीकडं ओढा हाय. पानी न्हाय तसं, पर..."

ते उठलेच. नातवंडांनाही उठवलं. हा सगळा घोळका ज्वारीत शिरला. त्या गलक्यात महानंदाला काही ऐकू येईना. ती मटकन बांधावर बसली. ओढा. लांडगं फिरतं म्हणतात तिकडं. ऊन कलायला लागलंय. आपण सगळं उकळलं, सगळं टिपलं, सगळं मोजलं, आणि एका घुंगराला मात्र हसलो.

"मामी," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं."

"चूप," मामी म्हणाल्या. बोट ओठावर होतं. "ऐक."

वारा जरा पडला होता. ज्वारीची सळसळ थांबली, आणि त्या शांततेत, ओढ्याच्या अंगाला, बारीक, अगदी बारीक... किण्. किण् किण्.

"करडू असंल कुनाचं," आप्पांचा एक नातू म्हणाला.

"करडू असं थांबून थांबून वाजत न्हाय," मामी म्हणाल्या. "ह्ये लंगडी खेळतंय."

महानंदा धावली. साडीचा काठ फाटला, एक चप्पल ढेकळात राहिली. ज्वारी संपली तिथं ओढ्याच्या काठाला एक चिंचोळी पट्टी होती, आणि तिच्यात एक एवढीशी कोप. पाच नाही, तीनच पेंढ्यांची. कोपीसमोर घोंगडी अंथरलेली. घोंगडीवर एक वाळक्या अंगाची म्हातारी बसलेली, आणि तिच्यासमोर जगू एका पायावर उड्या मारत होती. दुसऱ्या पायात काळ्या दोऱ्यानं बांधलेलं घुंगरू होतं.

"आई, हळू!" जगू म्हणाली. "पांडव जेवून झोपलेत."

महानंदानं तिला उचललं, दाबलं, हुंगलं, पुन्हा खाली ठेवलं, हात-पाय-मान चाचपली, पुन्हा उचललं. मग दोघींच्या शेजारी घोंगडीवर बसून ती हमसून हमसून रडली, आणि रडता रडता विचारलं, "काय खाल्लंस गं?"

"ही तुमची व्हय?" म्हातारी म्हणाली. तिचं नाव मायाक्का. धनगराची. दोन्ही लेक मेंढरं घेऊन लांब चरायला गेलेले, होळीशिवाय परतायचे नाहीत. "जवारीतनं कोकरावानी भायेर आली. गळ्यात न्हाय, पायात न्हाय, म्हनलं कुनाचं ओळकायचं? म्हनून माज्या कोकराचं घुंगरू सोडून बांदलं. कुटं गेली तर ऐकू तरी यील."

काशम्मामामी आभाळाकडं बघू लागल्या.

"आजी जेवतच नव्हती," जगू सांगायला लागली. "मी म्हटलं, जेव की. तर म्हणाली, मला नाही जेवता येत."

"तसंच हाय की," मायाक्का म्हणाली. "येळवशीला पाहुना जेवल्याबगर मी तुकडा मोडत न्हाय. मालक हुते तवापास्नंची रीत. सकाळपास्नं बसले हुते. समदी जात्यात त्या मोठ्या कोपींकडं, हिकडं ओढ्याला कोन येतंय? गेल्या साली कुनीच आलं न्हाय. मंग सांच्याला एक कावळा बसला, त्यालाच पाहुना म्हनलं. तर म्या हिला म्हनलं, बाळे, तू जेवलीस तर मला जेवाय मिळंल. मंग बसली की मांडी घालून! भाकर खाल्ली, अंबील प्याली, आन् मला म्हनती कशी, ‘आता तू खा. मी बघते.’"

बांधावरून विरुपाक्ष आणि मामा धापा टाकत आले. विरुपाक्षानं आधी जगूकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि तिथंच ढेकळावर बसला. चष्मा काढून पुसत राहिला. तो पुरेसा पुसला गेला तरी पुसत राहिला.

मायाक्कानं मडकं वाकडं केलं. तळाशी उरलेली अंबील एका जुन्या वाटीत ओतली आणि महानंदापुढं धरली. त्याच वाटीतून जगू प्याली होती, म्हातारीही प्याली होती. पाणी ओढ्यातल्या झऱ्याचं होतं.

सगळे महानंदाच्या तोंडाकडं बघत होते. जगूसुद्धा.

महानंदानं वाटी तोंडाला लावली. गार, आंबट, लसणीची, घशातून उतरताना पोटापर्यंत कळत जाणारी. सकाळपासून आपणही काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं वाटी खाली ठेवली.

"आणखी आहे?" तिनं विचारलं.

मायाक्का तोंडाचं बोळकं उघडून हसली. "आता न्हाय गं बाई! तुज्या लेकीनं ठिवली असती तर!"

दिवस मावळताना परत निघायच्या आधी मामांनी गवताचा पलिता पेटवून कोपीभोवती फेरी मारली. रानारानांतून तसेच उजेड फिरत होते. गाडीत जगू घुंगरासकट झोपून गेली. महानंदानं वही काढली आणि हलत्या गाडीत, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: ‘दुपार. उंडे, दोन. भज्जी, दोन वाट्या. भाकरी, एक चतकोर, कदाचित जास्त. अंबील, माहीत नाही. कुणी मोजली नाही.’

"खाली सही कर," विरुपाक्ष म्हणाला.

त्यानंतर त्या वहीत धोब्याच्या कपड्यांच्या याद्या आहेत. जगूची भूक काही एका दिवसात भरून आली नाही, हेही खरं. पण संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तिनं आपली रेवडी कुणालाच दिली नाही, आणि डॉक्टरांनी पुढच्या खेपेला ‘काळजी’ हा शब्द काढला नाही. जेवताना महानंदा ताट वाढायची आणि पाठ फिरवून भाजी निवडत बसायची. फार जड जायचं ते तिला. कान मागंच असायचे.

पुढच्या दोन्ही येळवशींना ती मंडळी आधी मायाक्काकडं जेवली आणि मग मामांच्या कोपीत गेली. यंदा मात्र विरुपाक्षाची बदली रत्नागिरीला झाली आहे. इथं समुद्र आहे, सुरूची बनं आहेत, रविवारी खाडीपलीकडं तरीची होडी जाते. सहलींना काही तोटा नाही. जगूनं पुळणीवर झावळ्यांची कोप केली, पाच गोटे ठेवले आणि लाटांना हाळी दिली, "होलगेऽऽ!" कोळणी थांबून हसल्या, मग त्यांच्यातल्या दोघी येऊन बसल्यासुद्धा. पायात घुंगरू आहेच. चहाच्या डब्यातलं, हत्तीच्या चित्राच्या; मायाक्काचं तिच्या कोकराला परत गेलं.

पण इथून सोलापूरला जायला दोन दिवस लागतात आणि शाळेला एका अमावास्येची सुट्टी मिळत नाही. मल्लप्पामामांचं पत्र आलं. त्यांचे नि मामींचेही गुडघे धरलेत, ओढ्यापर्यंत जाणं व्हायचं नाही. म्हातारीचे लेक होळीपर्यंत यायचे नाहीत. महानंदा हे सगळं रोज मनात उलटसुलट करते आहे. तेव्हा ती तुम्हालाच विचारते आहे, तुम्ही सोलापूरच्या बाजूचे असाल तर. मार्गशीर्ष अमावास्येला वळसंगला सर्व्हिस मोटारीनं उतरा, खालतीकडची गाडीवाट धरा. रंभाबाईंची कोप मोठी आहे, तिथं तुम्हाला बसवतील, बसू नका. आप्पांना नमस्कार सांगून पुढं चला. ज्वारी संपली की ओढ्याच्या काठाला तीन पेंढ्यांची कोप दिसेल. भूक ठेवून जा. मोठ्यानं हाक मारा, आताशा तिला कमी ऐकू येतं. आणि तुमचं जेवण झाल्यावर लगेच उठू नका. मायाक्का जेवली का, तेवढं बघून या.